लेकरांना मातीत सोडणाऱ्या केशरबाई

केशरबाई लेकराला कधी उचलून घेत नसत. अंगणवाडीची मदतनीस, आणि लेकरू रडत असलं तरी कडेवर घ्यायचं नाव नाही, हे मला पहिल्याच दिवशी खटकलं. मी बीडहून नवीन सेविका म्हणून आष्टी तालुक्यातल्या त्या गावात गेले, तेव्हा तेवीस वर्षांची होते. केशरबाईंना वय विचारलं तर त्या म्हणाल्या, "मोठ्या दुष्काळात माझं लगीन झालतं. आता तुमीच काढा."

त्या दिवशी एका बाईनं चार वर्षांच्या मुलाला अंगणवाडीच्या उंबऱ्याच्या आत खाली ठेवलं आणि ती कामाला निघून गेली. मुलाचं नाव गणेश. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले होते. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, ती काही केल्या उघडत नसे. खिचडीचं ताट पलीकडच्या भिंतीशी ठेवलेलं होतं. गणेश पालथा झाला आणि कोपरांवर जोर देत ताटाकडे निघाला. एक वीत सरकायचा, थांबायचा, धापा टाकायचा. मी धावत उचलायला गेले, तर केशरबाईंनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"बाई, बसा खाली."

"अहो, त्याला किती त्रास होतोय, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय की. त्याला ताटबी दिसतंय."

बाकीच्या मुलांचं खाणं झालं, हात धुऊन झाले, तेव्हा कुठे गणेश ताटापाशी पोचला. त्यानं डाव्या हाताची बोटं खिचडीत खुपसली आणि सगळं अंग हलवून हसला. मी मनात म्हणत होते, काय दगडाच्या काळजाची बाई आहे! तेवढ्यात केशरबाई उठल्या. गार झालेली खिचडी त्यांनी बाजूला काढली आणि झाकून ठेवलेल्या पातेल्यातली वाफाळती खिचडी त्याच्या ताटात वाढली. त्याच्यासाठी त्यांनी ती चुलीच्या कडेला ठेवलेली होती.

उंच, काटकुळ्या, उन्हानं रापलेल्या. नऊवारीचा काष्टा मारलेला आणि दातांना कायम मिश्री. माहेर मेंढ्या राखणाऱ्यांचं. आवाज लांब चरणाऱ्या मेंढ्यांच्या खांडाला हाक मारावी तसा, म्हणून अंगणवाडीतली गाणी मीच म्हणायची असं आमच्यात न बोलता ठरलं. लेकराशी बोलायचं तर त्या आधी जमिनीवर बसकण मारत. उभ्यानं लेकराशी बोललेलं मी त्यांना पाहिलं नाही.

त्यांची आणखी एक खोड होती. कुणी आई असं पोर घेऊन आली की सुरुवात ठरलेली असायची. मान धरत नाही, बसत नाही, बोलत नाही, तोंडातून लाळ गळते. केशरबाई ते सगळं ऐकून घेत आणि मग विचारत, "आन येतं काय काय त्येला?" बहुतेक आया आधी पोराकडे बघायच्या. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसे. एक बाई बराच वेळ विचार करून म्हणाली, "कोंबडा वरडला की वळून बघतंय." केशरबाई खूश झाल्या. "मग कोंबडा त्याच्या डाव्या अंगाला बांध. तिकडंच मान वळत न्हाई त्याची."

मुलांच्या पायांशी त्या वेगळं बोलत. गणेशचा उजवा पाय जरा बरा होता, डावा अगदीच ताठ. "हा डावा पाय जावई हाय," त्या त्याला सांगायच्या. "मिनतवारी केल्याबगर उठायचा न्हाई. बसा जावईबापू, बसा! चहा घ्या!" असं म्हणत गुडघ्याखाली हात घालून हळूहळू चोळत राहायच्या. गणेश खिदळायचा, आणि खिदळता खिदळता पाय जरासा सैल पडायचा.

या मुलांच्या दुखण्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, हे मला प्रशिक्षणातल्या एका पानावरून माहीत होतं. जन्माच्या वेळी किंवा आगेमागे मेंदूला इजा होते आणि मग हातपाय सांगितलेलं ऐकत नाहीत, एवढंच त्यात लिहिलेलं होतं. पुढे काय करायचं ते त्या पानावर नव्हतं. गावात तर अशा लेकराला "देवाचं" म्हणायचे आणि कोपऱ्यात गोधडीवर निजवून ठेवायचे. माया नव्हती असं नाही. दोन वेळा भरवायचे, न्हाऊ घालायचे, पण हलवायचे नाहीत.

माझं दुसरं वर्ष दुष्काळाचं निघालं. दिवाळीलाच आड आटले. गावच्या दूध संस्थेत सकाळी सायकलींची रांग लागायची, तिथं चार-पाच माणसं दिसायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडी संस्थेनं नदीकाठच्या माळावर जनावरांची छावणी उघडली आणि निम्मं गाव जनावरांमागं तिथं राहायला गेलं. माणसं तिकडे, लेकरंही तिकडेच. मग आम्हीही छावणीतल्या एका पत्र्याखाली अंगणवाडी मांडली.

मला ते दिवस धुळीचे, शेणाचे आणि टँकरच्या भांडणांचे आठवतात. केशरबाईंना मात्र तिथे पोचल्या पोचल्या नदी दिसली. पाण्याचा थेंब नसलेलं, मऊ वाळूचं रुंद पात्र. त्यांनी वाळू मुठीत घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, हितं पडलं तर लागत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ऊन चढायच्या आत आमची शाळा वाळूत भरायला लागली. गणेश होता, शेजारच्या वस्तीवरची आणखी दोन मुलं होती, आणि तीन वर्षांची सोनी होती. केशरबाई वाळूत लेकराच्या कमरेइतका खड्डा करत, त्यात लेकराला उभं करून भोवतीनं वाळू दाबत. चारी बाजूंनी आधार, त्यामुळे पडायची भीती नाही. समोर बाकीची मुलं वाळूची घरं बांधत बसलेली. जन्मल्यापासून आढ्याकडे बघत निजलेली सोनी त्या खड्ड्यात पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा इतर मुलांची तोंडं तिच्या तोंडासमोर आली. ती इतकी दचकली, की रडायचंच विसरली.

मग एक दिवस केशरबाई संस्थेत गेल्या. सोबत म्हणून मला घेतलं. चेरमन आप्पा खुर्चीत बसून छावणीच्या चाऱ्यावरून कुणाशी तरी फोनवर वाद घालत होते.

"आप्पा, दुधाचे दोन कॅन पायजेत. चेपलेले असले तरी चालतील."

"कावून? पाणी भरायला?"

"न्हाई. लेकरं पालथी घालायला."

आप्पांनी फोन खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात केशरबाईंनी तिथल्या तिथे एक रिकामा कॅन आडवा केला, त्यावर खांद्यावरचं पोतं टाकलं, स्वतः त्यावर पोट टेकवून पालथ्या पडल्या आणि पुढे-मागे झुलून दाखवलं. कॅनवर आडव्या झालेल्या त्या उंच बाईला पाहून फॅट तपासणारा माणूस तोंडावर हात ठेवून बाहेर पळाला.

"असं केलं की मान वर उचलावी लागती, हात पुढं टेकावं लागतात," त्या उठून पदर सावरत म्हणाल्या. "आन कॅनवर घोड्यावाणी बसवलं की एकमेकावर चढलेलं पाय फाकतात. तुमच्याकडं दूध न्हाई, मग कॅन तरी काय करतेत?"

आप्पांना ते शेवटचं लागलं असावं. पण कॅन मिळाले. दोन नाही, चार. गोधड्या गुंडाळून, सुतळीनं बांधून केशरबाईंनी त्यांचे लोड केले.

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं होतं? थोडं एका आरोग्य शिबिरात पाहिलेलं, थोडं मेंढरांच्या कोकरांवरून, आणि बाकीचं गणेशकडून. त्याला काय जमतं आणि काय जमत नाही, हे त्या तासन् तास बघत बसत. पण बघून सगळं कळतं असं नाही. ते आम्हाला पुढच्या हिवाळ्यात समजलं; पाऊस पुन्हा हुकला होता आणि छावणी अजून चालूच होती.

सकाळी फार गारठा होता. थंडीत या मुलांचे पाय जास्तच ताठतात. गणेश वाळूत बसला होता आणि त्याचे गुडघे सरळ होत नव्हते. त्या दिवशी जावईबापूंची मिनतवारीही चालली नाही. केशरबाईंनी पाय जरा जोर लावून ताणला. मी पाच हातांवर होते. वाळलेली काडी मोडावी तसा आवाज मला ऐकू आला. मग गणेशची किंकाळी.

केशरबाई हलल्या नाहीत. दोन्ही हात त्यांनी जिथल्या तिथे ठेवले, पाय हलू नये म्हणून. चेहरा राखेसारखा झालेला. गणेशची आई पारूबाई दावणीवरून धावत आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पारू, माझ्या हातानं झालं. पाय मोडला."

त्यांना सहज म्हणता आलं असतं की पोर पडलं. वाळूत मुलं रोज पडत होती. मीही कदाचित तेच म्हटलं असतं.

दूध संस्थेच्या टेम्पोतून आम्ही नगरला गेलो. वाटभर पारूबाईनं गणेशचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, की जी मुलं पायावर भार देत नाहीत त्यांची हाडं ठिसूळ असतात, थोड्या जोरानंही मोडतात. प्लॅस्टर झालं. केशरबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहिल्या. चार दिवस त्या घरी आल्या नाहीत.

त्याच दवाखान्यात व्यायामाच्या एक तरुण मॅडम होत्या. केशरबाई त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी एका लेकराचा पाय मोडला. पुन्यांदा मोडू ने म्हणून काय करायचं ते सांगा." त्या मॅडमनी त्यांना हाकलून दिलं नाही. आत बोलावलं, एक बाहुली हातात दिली आणि विचारलं, "तुम्ही काय करता ते आधी दाखवा." सुट्टीच्या दिवशी मी भेटायला गेले, तर केशरबाई त्या मॅडमसमोर मांडी घालून बसल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "बाई, वही काढा. मला लिवता येत न्हाई."

मी लिहून घेतलं. पाय ओढायचा नाही. आधी अंग शेकायचं, सैल करायचं. ताण हळू द्यायचा, लेकराच्या तोंडाकडे बघत द्यायचा, ते तोंड वाकडं करील तिथं थांबायचं. आणि ताणण्यापेक्षा खेळ महत्त्वाचा. लेकरानं स्वतः केलेली हालचाल हीच खरी, आपण हलवलेलं ते निम्मंच. रोज थोडं थोडं उभं करायचं, म्हणजे हाडांना बळ येतं. दुधाचे कॅन आणि वाळूचे खड्डे ऐकून त्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "हे तर मी तुमच्याकडून लिहून घेते."

पण गावी परतल्यावर केशरबाईंनी लेकरांना हात लावणं सोडलं. खिचडी शिजवायच्या, झाडायच्या, भांडी घासायच्या आणि घरी जायच्या. कॅन पत्र्याखाली पडून राहिले. मी वही पुढे केली तर म्हणायच्या, "तुमी करा. तुमचं हात हलकं हायेत." मी करून पाहिलं. वहीतलं सगळं बरोबर केलं, पण मुलं माझ्याकडे हसत नव्हती.

असे दोन महिने गेले. गणेशचं प्लॅस्टर निघालं, त्याला आठवडा झाला असेल. पारूबाई त्याला घेऊन आली. केशरबाई भांडी घासत होत्या. पारूबाईनं गणेशला त्यांच्यासमोर खाली ठेवलं.

"मला भ्या वाटतंय, पारू," केशरबाई मान वर न करता म्हणाल्या.

"मलाबी वाटतंय," पारूबाई म्हणाली. "पर घरात नुसतं निजून ऱ्हातोय. सकाळी उठला की दाराकडं हात करतोय. तुमच्याबगर माझ्या लेकराला मातीत कोण सोडतंय?"

केशरबाईंच्या हाताला राख लागलेली होती. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, मग चुलीवर धरून कितीतरी वेळ गरम केले. त्यानंतरच गणेशच्या पायावर ठेवले. त्या रडल्या की नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण त्यांची पाठ माझ्याकडे होती.

त्यानंतरच्या दसऱ्याला सोनीचा प्रश्न उभा राहिला. सोनीचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. मुकादमाची गाडी यायला आठ दिवस होते. बाप बाळू एका संध्याकाळी लांबच्या वस्तीवरून चालत अंगणवाडीत आला आणि म्हणाला, की जायच्या आधी पोरीला डाग देऊन आणतो. कुठल्याशा गावी एक माणूस तापलेल्या लोखंडानं पाठीवर आणि मांडीवर डाग देतो, त्यानं पायात जीव येतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याची बायको लता दारात उभी होती. तिचे डोळे सुजलेले दिसत होते.

मी कायद्याचं बोलायला लागले. केशरबाईंनी मला हातानं थांबवलं.

"बाळू, बस." तो बसला. "कावून डाग द्यायचा?"

"सहा महिनं फडात जायचं, काकू. तिला कोन बघणार? झोळीत टाकून ठिवावी लागती दिसभर. मागल्या साली परत आलो तर हिचं गुडघं सरळच हुईनात. मग कायतरी करायचं का न्हाई मी? बाप हाय ना?"

"हाईस. म्हणूनच इतक्या लांबनं चालत आलास." "चटका बसला की लेकरू अंग आखडतं का सोडतं?"

बाळूनं दाराकडे पाहिलं.

"आखडतं," लता दारातून म्हणाली.

"हिचं अंग आदीच आखडलेलं हाय. तिला सैल करायचं सोडून आनखी आखडायचं का? तुला सहा महिन्याची भीती वाटती ना? मग सहा महिन्यात काय करायचं ते बोलू."

आणि मग पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी लता आणि बाळू दोघंही यायचे. फडात काय असतं, ते केशरबाई त्यांनाच विचारायच्या. कोपी असते, पाचटाची झोपडी. वाढे असतात, उसाचे हिरवे शेंडे. मग वाढ्याची जाड पेंढी बांधून वर गोधडी टाकायची, तिच्यावर सोनीला पालथी घालायची. माती असते, मग कोपीच्या सावलीत खड्डा करायचा. डोक्यावरच्या ओझ्याची चुंबळ असते, ती जरा मोठी वळली की तिच्यात सोनीला बसवता येते. "सकाळी फडात जायच्या आदी एकदा, भाकरीच्या वक्ताला एकदा, आन आल्यावर बापानं एकदा," त्या बाळूच्या खांद्यावर बोट टोचत म्हणाल्या. "बापानं. आईनं न्हाई. ती तवा चुलीपुढं असती." डाग द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. कधी टळला, ते आम्हाला कळलंही नाही.

चैत्रात ट्रक परत आले. लता सोनीला घेऊन थेट अंगणवाडीत आली. कपड्यांवर उसाची काजळी तशीच होती. तिनं सोनीला फरशीवर बसवलं आणि हात काढून घेतले. सोनी बसून राहिली. एका बाजूला कलली, तर हात टेकून सावरली. मग ढुंगणावर सरकत सरकत खेळण्यांच्या टोपलीकडे निघाली. लता आमच्याकडे बघत होती, जणू परीक्षेचा निकाल आम्हीच सांगणार होतो.

त्याच वेळी कशासाठी तरी आप्पा आले होते. त्यांना कौतुकच वाटलं असेल, पण ते म्हणाले, "वा! आता चालायला कधी लागती?"

केशरबाई फटकन म्हणाल्या, "तुमी तरी कुठं चालता, आप्पा? गाडीबगर गल्लीतबी येत न्हाई." आणि मग आवाज खाली आणून, "चालंल का न्हाई, मला ठावं न्हाई. तिला त्या टोपलीतली बाहुली पायजे हुती, ती तिनं सवताच्या हातानं घेतली. आज एवढं लई झालं."

सोनी पुढेही पुरती चालली नाही. गावच्या सुतारानं बांबूचा आधार करून दिला, तो धरून ती शाळेच्या वर्गापर्यंत जायला शिकली. गणेशला उभं राहता आलं, चालता आलं नाही. आता तो चाकाच्या खुर्चीत बसून भावाच्या पिठाच्या गिरणीवर दळण घेतो आणि गिऱ्हाइकांशी मोठमोठ्यानं बोलतो. त्याचं बोलणं नवख्या माणसाला कळत नाही, गावाला मात्र सगळं कळतं.

मला बढती मिळाली आणि मी त्या गावातून गेले. केशरबाई निवृत्त झाल्या. त्यानंतर एकदा गेवराईकडून येताना मी मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. दारापुढच्या लिंबाखाली चटईवर त्या बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, हाडं आणखी वर आलेली. शेजारी एक अनोळखी तरुण बाई कुशीवर, हाताची उशी करून गाढ झोपली होती. तिच्या चपलांवर लांबच्या रस्त्याची धूळ होती. मध्ये आठ-दहा महिन्यांचं एक बाळ उताणं पडून टक लावून पानांकडे पाहत होतं. त्याचं एक पाऊल केशरबाईंच्या तळहातावर होतं.

मी हाक मारणार, इतक्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. झोपलेल्या बाईकडे डोळ्यांनी खूण केली आणि अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाल्या, "उमापूरची हाय. पोराला घिऊन दवाखानं हिंडून हिंडून दमली. चार रात्री डोळ्याला डोळा न्हाई. म्हनलं, पोराचं मागनं बघू, आदी तू नीज."

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. तास झाला, माझ्या गाडीची वेळ झाली. ती बाई जागी झाली नाही आणि केशरबाईंनी तिला उठवलंही नाही. मी आणलेलं लुगडं त्यांच्या बाजूला ठेवलं आणि उठले. त्यांनी हात वर केला नाही, कारण एका हातात बाळाचं पाऊल होतं आणि दुसऱ्या हातानं त्या पदराच्या टोकानं त्या बाईच्या तोंडावरच्या माश्या वारत होत्या. फक्त मान हलवली, हसल्या.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी त्या गेल्याचं मला पारूबाईच्या फोनवरून कळलं.